बोळ्यावरचं नाव

कापसाच्या बोळ्यावर नाव लिहायचं नाही, माश्या ठेवायच्या व्हायलच्या, म्हणजे छोट्या बाटलीच्या, काचेवर लिहायचं. आमच्या फ्लाय रूममध्ये नवीन माणूस आला की पहिल्याच आठवड्यात त्याला हे सांगतात. मलाही सांगितलं होतं. कळलं मात्र तिसऱ्या वर्षी, डिसेंबरातल्या एका रात्री पावणेतीन वाजता.

मी पुण्यात पीएचडी करते. विषय काय म्हणून कुणी विचारलं की घरचे ‘माश्या’ एवढंच सांगून मोकळे होतात, आणि ते काही खोटं नाही. शेतकरी जिच्या नावाने बोटं मोडतात ती आंब्यावरची फळमाशी ही नव्हे. आमची ती ड्रॉसोफिला, केळी जास्त पिकली की स्वयंपाकघरात घिरट्या घालणारी बारकी, तांबड्या डोळ्यांची. माझं काम तिच्या अंड्याच्या कवचावर आहे. अंडं अर्धा मिलिमीटर लांब. नुसत्या डोळ्यांना रव्याचा कण दिसावा तसं दिसतं. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की पाठीवर, डोक्याकडच्या बाजूला, दोन लांब चपटे कान दिसतात. त्यांचं शास्त्रीय नाव डॉर्सल अपेंडेज, लॅबमधलं नाव ‘डीए’. मी मनातल्या मनात कानच म्हणते.

मादी सडक्या, ओल्या फळात अंडं खुपसते तेव्हा हे कान तेवढे वर राहतात. आतून ते जाळीदार असतात, हवा धरून ठेवतात, आणि खाली बुडालेल्या जिवाला श्वास मिळतो. कीटकांच्या अंड्यांना असले उद्योग पुष्कळ. अ‍ॅनोफिलिस डासाच्या अंड्याला दोन्ही कुशींना हवेचे तरंगे असतात. केसातल्या लिखेला टोकाशी बारीक भोकांचं झाकण असतं, ते ढकलून ऊ बाहेर पडते. हे सगळं कवचाचंच काम, आणि गंमत अशी की कवच अंडं स्वतः करत नाही. त्याच्याभोवती पेशींचा एकपदरी थर असतो, फॉलिकल पेशींचा. माझ्या माशीत या 650च्या आसपास. कवच घडवतात त्या.

या विषयातली जनुकांची नावं वाचली की मंडईत शिरल्यासारखं वाटतं. गुर्केन म्हणजे जर्मन भाषेत काकड्या. कॉर्निशॉन ही फ्रेंचांची लोणच्याची काकडी. ओक्रा म्हणजे आपली भेंडी, ऑबर्जिन म्हणजे वांगं. शिवाय झुकिनी आहे, स्क्वॉश आहे. गुर्केन बिघडलं की अंड्याला कानच येत नाहीत, लांबट गुळगुळीत काकडी तयार होते, म्हणून ते नाव. टॉर्पेडो नावाचं दुसरं जनुक बिघडलं तरी तसंच बिनकानी अंडं येतं. ट्रुडी श्यूपबाख यांनी 1987मध्ये दाखवलं की पहिल्यात दोष अंड्याकडच्या पेशींत असतो आणि दुसऱ्यात भोवतालच्या फॉलिकल पेशींत. अंड्याचं केंद्रक एका कोपऱ्यात सरकून बसतं आणि तिथून निरोप धाडतं, ‘पाठ इकडे’. ज्यांना तो ऐकू येतो त्या पेशी कान करायला लागतात. निरोप सांगणारा मुका असला काय किंवा ऐकणारा बहिरा असला काय, बाहेरून निकाल तोच. मला हा प्रयोग फार आवडतो. नुसतं कवच बघून दोष कुणाचा हे ठरवू नये, हे त्यात 1987मध्येच सांगून ठेवलेलं होतं. तरी मी तेच केलं.

माझ्या माश्यांत एक जनुक आम्ही कान करणाऱ्या पेशींपुरतं दाबलं होतं. कोणतं ते इथे सांगत नाही, काम अजून छापून यायचंय. त्या माद्यांच्या अंड्यांना कान यायचे, पण आखूड आणि रुंद, भात वाढायच्या डावासारखे. अशा आकाराचं एक जुनं उदाहरण आहे. सिअ‍ॅटलच्या सेलेस्ट बर्ग यांच्या लॅबने 1995मध्ये बुलविंकल नावाच्या जनुकाबद्दल लिहिलं, कार्टूनमधल्या मूस हरणाच्या शिंगांवरून नाव दिलेलं. मूस मी काही पाहिलेला नाही, माझी धाव सांबरापर्यंत. पण त्यांच्यात आणि माझ्यात फरक होता. बुलविंकलचं काम चालतं अंड्याला पोसणाऱ्या नर्स पेशींत, आणि परिणाम दिसतो शेजारच्या थराने घडवलेल्या कानांवर. माझं जनुक दाबलं होतं खुद्द कान करणाऱ्या पेशींतच.

मी दोन हजारांवर अंडी मोजली. स्लाइडवर मांडायची, 60 अंशांवर रात्रभर ठेवायची, सकाळी डार्क फील्डमध्ये बघायची. काळ्याभोर पडद्यावर पांढरे कान. आखूड, आखूड, आखूड. मग अहवालात एक वाक्य लिहून टाकलं: ‘या पेशींत कवचाचं द्रव्य पुरेसं स्रवत नसावं.’ तर्क अगदी हवेतला नव्हता. कवच करायला या पेशींना मोजके तास मिळतात. तेवढ्यात ढीगभर प्रथिनं ओतायची म्हणून त्या कवचाच्या जनुकांच्या स्वतःपुरत्या जादा प्रती काढून ठेवतात, तिसऱ्या गुणसूत्रावरच्या जनुकांच्या तर 60 ते 80 पट. स्प्रॅडलिंग आणि महोवाल्ड यांनी हे 1980मध्ये शोधलं. इतकी ओढाताण आहे म्हणजे माझ्या माशीत माल कमी पडला असणार, असा माझा हिशेब.

माझ्या गाईड मॅडमनी ते वाक्य पेन्सिलीने अधोरेखित केलं. “अगं, हे तू बघितलंस का?”

“अंडी बघितली ना, मॅडम.”

“अंडी झाल्यावर बघितलीस. होताना बघितलंस का?”

म्हणून कॉन्फोकलचा, म्हणजे लेझरच्या सूक्ष्मदर्शकाचा, रात्रीचा स्लॉट घेतला, आठ ते आठ.

तीन दिवस आधीपासून माद्यांना ओल्या यीस्टची पेस्ट चारली. पोटं टम्म फुगतात, अंडाशय भरून येतात. दोन व्हायल होत्या, एक कंट्रोलची, म्हणजे जनुक न दाबलेल्या, तुलनेच्या माश्यांची, आणि एक प्रयोगाची. दोन्हींत पेशींच्या कडा हिरव्या चमकाव्यात अशी प्रथिनाची खूण घातलेली. काचेवर मार्करने लिहिलेलं अल्कोहोलच्या हाताने पुसून गेलं होतं, तेव्हा मी कागदी टेपचा तुकडा फाडून कापसाच्या बोळ्यावर चिकटवला होता. सोपं पडलं.

पाचला डिसेक्शनला बसले. कार्बन डायऑक्साइडवर माश्या झोपवायच्या, एका चिमट्याने छाती धरायची, दुसऱ्याने शेपटाचं टोक हलकेच ओढायचं. द्राक्षाच्या घडासारखे दोन अंडाशय बाहेर येतात. एकेका अंडाशयात 16 ते 20 माळा, माळेत लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने अंडी. माळेवर स्नायूचं पातळ आवरण असतं, ते फाडलं नाही तर आकुंचन पावत राहतं आणि चित्र हलतं. फाडताना अंडं फुटलं तर संपलं. वीस माद्यांमधून मला हव्या त्या टप्प्यावरची, कान यायच्या जरा आधीची, धड अंडी मिळाली प्रत्येकी पाच-सहा. मग ती पाठ खाली करून बसवायची, कारण भिंग खालून बघतं. त्याला टूथपिकच्या टोकावर पापणीचा केस चिकटवून केलेलं हत्यार वापरतात. लाखो रुपयांच्या यंत्राशेजारी ते पडलेलं असतं आणि त्याच्यावाचून काम अडतंच. केस माझ्याच पापणीचा.

साडेआठला दोन डिश शेजारी-शेजारी स्टेजवर बसवल्या. दर पाच मिनिटांनी प्रत्येक अंड्याचा एक फोटो. एसी अठरावर, मी स्वेटर आणि शालीत.

पहिले दोन तास काहीच नाही. हिरवी षटकोनी जाळी, फरशी घातल्यासारखी. साडेदहाच्या सुमाराला मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिगळ वेगळं दिसायला लागलं. तिथल्या पेशींची वरची तोंडं आवळत होती. इथे एक सांगायला हवं. प्रत्येक कानाला 60-70 पेशी लागतात आणि त्यांत दोन जाती असतात. बहुतेक छताच्या. त्यांच्या कडेने कोनात वाकलेली एक एकेरी रांग असते, ती तळाची. इंग्रजीत त्यांना रूफ आणि फ्लोअर हेच शब्द आहेत. वाचताना मी ते कित्येकदा वाचले होते. छताच्या पेशी आवळून वाकल्या, पत्रा वाकावा तसा थर वळला, आणि तळाची रांग त्यांच्याखाली शिरली. सरकली म्हणू की घुसली, मला अजून ठरवता येत नाही. दोन टोकं खालून एकमेकींना भिडली. चादरीची नळी झाली.

साडेबाराला नर्स पेशी रित्या व्हायला लागल्या. पंधरा पेशी आपला सगळा ऐवज अंड्यात ओततात, अर्ध्या तासात. स्क्रीनवर अंडं फुगत होतं आणि पुढचा भाग हवा गेलेल्या फुग्यासारखा बसत होता. मी पुस्तकात याला ‘डंपिंग’ वाचलं होतं, पण शब्दात हे नव्हतं.

मग नळी लांबायची वेळ आली. पेशींची संख्या आता वाढत नाही. विभाजन कधीच थांबलेलं असतं. आहेत त्याच पेशी एकमेकींच्या मधे शिरतात, रुंदी कमी होते, लांबी वाढते, आणि नळी पुढे सरकते, रित्या झालेल्या नर्स पेशींवर पसरलेल्या चपट्या पेशींच्या वरून. प्रयोगाच्या डिशमध्ये हे सुंदर चाललं होतं. कंट्रोलच्या डिशमध्ये नाही.

दोनपर्यंत मी स्वतःची समजूत घातली. पावणेतीनला मान्य केलं. कंट्रोलच्या पाचही अंड्यांत नळी झाली होती, नीट बंद झाली होती, आणि तिथेच बसली होती. आखूड, रुंद. प्रयोगाच्या सहाही अंड्यांत कान सरळ पुढे निघाले होते.

तीन वर्षं, असं डोक्यात आलं. म्हणजे माझं जनुक काही करतच नाही. किंवा डिश तापल्या. किंवा माध्यम खराब. किंवा लेझरने पेशी भाजल्या, पण मग एकाच डिशमध्ये का? मॅडमना फोन करायला हातात घेतला आणि ठेवला. रात्री पावणेतीनला काय सांगणार? थर्मासमधला चहा गार झाला होता, तोच प्यायले.

मग भांडी धुवायला उठले. घाबरले की मी भांडी घासते, आईची सवय. डिसेक्शनची काचेची प्लेट संध्याकाळी घाईत तशीच ठेवली होती, नऊ खळग्यांची. डावीकडच्या खळग्यांत कंट्रोलच्या माश्यांची कलेवरं, उजवीकडे प्रयोगाच्या. बेसिनवर नेताना दिव्याखाली धरली आणि हात थांबला.

आमच्या या माश्या मुळात पांढऱ्या डोळ्यांच्या असतात. बाहेरून जे काही घालतो त्याच्यासोबत डोळ्याला रंग देणारं एक छोटं जनुक जोडलेलं असतं, घातलेलं आत बसलं की नाही ते डोळ्यात दिसावं म्हणून. जितकं जास्त घातलेलं तितका रंग गडद. कंट्रोलमध्ये एक गोष्ट कमी, म्हणून डोळे नारिंगी. प्रयोगात सगळं असतं, म्हणून विटकरी.

डावीकडच्या खळग्यांतले डोळे विटकरी होते.

सूक्ष्मदर्शकाखाली घातली. एकेक डोकं चिमट्याने वळवून पाहिलं. वीसच्या वीस विटकरी. उजवीकडे वीसच्या वीस नारिंगी. संध्याकाळी दोन्ही व्हायल एकदम उघडल्या होत्या, माश्या पॅडवर ओतल्या होत्या, नर बाजूला काढून टाकले होते, आणि मधल्या धांदलीत बोळ्यांची अदलाबदल झाली होती. चाळीस माश्या हातातून गेल्या आणि एकीच्याही डोळ्यांकडे मी पाहिलं नाही, सगळं लक्ष पोटाकडे. प्लेट वेळेवर धुतली असती तर हे कधीच कळलं नसतं. कलेवरं गेली असती, व्हायल रिकाम्या होत्या, आणि मी पुढचा महिना भलत्याच गोष्टीचं कारण शोधत बसले असते. आळसाचा मला एवढा फायदा आयुष्यात झालेला नाही.

परत स्क्रीनसमोर बसले तेव्हा नावं मनातल्या मनात बदलली आणि सगळं जागेवर बसलं. जनुक दाबलेल्या अंड्यांत पेशी आवळल्या होत्या, वळल्या होत्या, तळाची रांग खाली गेली होती, नळी बंद झाली होती. चुकलं होतं ते त्यानंतरचं. पेशी एकमेकींत शिरत नव्हत्या, जागा सोडत नव्हत्या. पहाटे पाचच्या सुमाराला त्या आखूड नळीत कवच भरायला लागलं. साध्या प्रकाशातल्या फोटोत ते काचेसारखं, कडेला चमकणारं दिसतं. भरपूर होतं. मालाची कमतरता कुठेच नव्हती. साचाच आखूड होता.

आणि तेव्हा मला बाबांचं काम आठवलं.

बाबा मिरजेला सेंट्रिंगची कामं घेतात. लहानपणी शाळेला सुट्टी असली की मी साइटवर जायची. टेकू लावायचे, वर प्लेटा अंथरायच्या, कॉलमला फर्मा उभा करायचा, मग काँक्रीट. दिवस भरले की सेंट्रिंग खोलायचं. खालून स्लॅबकडे बघितलं की प्लेटांचे जोड छतावर उमटलेले दिसतात, कुठली प्लेट वाकडी बसली होती तेसुद्धा. बाबा दुसऱ्या ठेकेदाराच्या स्लॅबखाली उभे राहून सांगायचे, इथे टेकू खचला, इथे प्लेट हलली. माशीच्या अंड्याच्या कवचावर तश्याच षटकोनी खुणा असतात. एकेक षटकोन म्हणजे एकेका पेशीचा ठसा. ते मी शेकडो स्लाइडवर पाहिलं होतं आणि नक्षी समजून सोडून दिलं होतं. कानाचंही तेच. कान केसासारखा उगवत नाही, शिंगासारखा वाढत नाही. पेशी नळी बांधतात, नळीत कवच ओततात, आणि जे उरतं ते ओतीव. कानात एकही पेशी नसते. मी दोन हजार अंडी मोजली ती सेंट्रिंग काढल्यानंतरचे स्लॅब होते, आणि मी सिमेंट कमी पडलं म्हणून अहवाल लिहिला होता.

साडेआठला मॅडम आल्या. मी आधी चूक सांगितली, मग फिल्म दाखवली. बोळ्याचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. फिल्म त्यांनी तीनदा पाहिली, बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अहवालातलं वाक्य काढ. आणि कलेवरांचे फोटो काढून ठेव, डोळ्यांचे. विचारतील.” जाताना दारातून वळून, “आणि हे सगळं परत कर. नीट लिहून.” परत केलं, जानेवारीत, दोनदा. तेच आलं.

त्या सकाळी मात्र झोप येईना. बाबांना फोन लावला. ते साइटवर होते, मागे मिक्सरचा आवाज. मी जमेल तसं सांगितलं. छताच्या पेशी, तळाच्या पेशी, मधे पोकळी, पोकळीत ओतायचं. त्यांना लगेच समजलं. समजलं म्हणजे असं की पुढचा प्रश्न मलाही सुचला नव्हता तो त्यांनी विचारला.

“मग खोलतं कोण?”

“काय?”

“सेंट्रिंग गं. आत नळीत ओतलं, सगळ्या बाजूंनी पेशी. खोलायला माणूस कुठून शिरणार?”

उत्तर मला माहीत होतं, फक्त त्या शब्दांत कधी विचार केला नव्हता. “खोलत नाहीत, बाबा. कवच पक्कं झालं की मागच्या टोकाला पेशींचा थर फाटतो आणि अंडंच त्यातून निसटून पुढे जातं, मागचं टोक आधी. कान शेवटी निघतात, बाहीतून हात काढावा तसे. थर तिथेच मागे राहतो. त्या पेशींचं आयुष्य संपत आलेलं असतं.”

“म्हणजे परत वापरायचं नाही?”

“नाही.”

“पुढच्या अंड्याला?”

“नवीन. साडेसहाशे नवीन पेशी.”

मिक्सर बंद झाल्याचं ऐकू आलं. बाबा कुणाला तरी पाणी कमी घाल म्हणाले. मग फोनवर परत येऊन, जरा विचार करून, “सगळं एकदाच वापरून टाकून द्यायचं,” ते म्हणाले. “परवडतं कसं त्यांना?”